कॉलिन चॅपमन : हलकी गाडी आणि ब्रेकचा हिशेब



इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी रविवारी सकाळी गावाकडच्या अरुंद रस्त्यावर एक गमतीदार गाडी पाहिली असेल. दरवाजे नाहीत, छप्पर नाही, पुढची चाके अंगापासून सुटी आणि दोन माणसे जेमतेम मावतील एवढीच जागा. ही लोटस सेव्हन किंवा तिची वारस केटरहॅम सेव्हन. हौशी मंडळी ही गाडी ट्रॅकवर पळवतात. थोडे दिवस पळवली की त्यांच्या डोक्यात पहिला विचार येतो तो ब्रेक बदलण्याचा, त्यातही मागचे ब्रेक मोठे करण्याचा. हा विचार कधी बरोबर आणि कधी धोक्याचा, हे समजून घ्यायचे तर ही गाडी ज्यांनी बनवली त्या कॉलिन चॅपमन यांचे चरित्र वाचावे. इतके चांगले पाठ्यपुस्तक दुसरे नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंड इथे झाला. बालपण उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सी भागात गेले. वडील तिथे रेल्वे हॉटेल नावाचा पब चालवत. कॉलिन यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. शिकता शिकता ते विद्यापीठाच्या हवाई पथकात विमान उडवायला शिकले आणि जोडीला एका मित्राबरोबर जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदाही करू लागले. युद्धानंतरचे दिवस होते, पेट्रोल रेशनवर होते. १९४७ च्या अखेरीस खाजगी गाड्यांचा पेट्रोलचा कोटाच बंद झाला आणि धंदा बसला. गाड्या मिळेल त्या किमतीला विकाव्या लागल्या. एक जुनी ऑस्टिन सेव्हन मात्र कोणी घेईना.

त्या न विकल्या गेलेल्या गाडीतून पुढचे सगळे घडले. १९४८ मध्ये चॅपमननी ती उघडली आणि तिच्या सांगाड्यावर प्लायवुड आणि ॲल्युमिनियमचे नवे शरीर चढवले. ही पहिली लोटस. काम चाले ते हेझल विल्यम्स या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. त्याच वर्षी स्वारी गणितात नापास झाली आणि पदवी हुकली! वर्षभराने पुन्हा परीक्षा देऊन त्यांनी ती मिळवली. मग थोडे दिवस हवाई दलात काढून त्यांनी ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी धरली. लोटस हे नाव का ठेवले, हे त्यांनी कधीच सांगितले नाही. आपल्याला मात्र ते कमळाचे नाव म्हणून उगाचच जवळचे वाटते.

चॅपमन यांची विचार करण्याची पद्धत स्ट्रक्चरल इंजिनिअरची होती. पुलाचा हिशेब करणारा माणूस प्रत्येक सळईला विचारतो की बाई, तू नेमका कोणता भार उचलतेस? काहीच उचलत नसेल तर तिला काढून टाकतो. चॅपमननी हाच प्रश्न मोटारीला विचारला. एका भागाकडून दोन कामे करून घ्यायची आणि बिनकामाचा भाग ठेवायचाच नाही, हे त्यांचे सूत्र झाले. नियमांकडेही ते असेच बघत. १९५१ च्या तिसऱ्या गाडीसाठी त्यांनी ऑस्टिनच्या इंजिनात हवा जाण्याच्या दोन सामायिक वाटा आतून पत्रे घालून चार केल्या. गाडी इतकी पळू लागली की क्लबला नियमच बदलावा लागला.

१९५२ मध्ये लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली. भांडवल होते हेझलने दिलेले २५ पौंड, आणि कारखाना म्हणजे वडिलांच्या पबमागचे तबेले. १९५४ मध्ये दोघांचे लग्न झाले. १९५७ मध्ये लोटस सेव्हन आली. गाडी सुटे भाग म्हणून घेतली आणि घरी जोडली तर त्या काळचा खरेदी कर लागत नसे, मात्र सोबत जोडणीच्या सूचना देता येत नसत. म्हणून गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या जात आणि गिऱ्हाईक त्या उलट्या क्रमाने वाचत असे, असे सांगतात!

या गाडीचे वजन पाचशे किलोच्या आसपास होते, आणि हलकेपणाचा पहिला फायदा ब्रेकलाच मिळतो. ब्रेक म्हणजे गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलणारे यंत्र. शाळेतले सूत्र आठवा : अर्धे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. चालकासकट ६०० किलोची गाडी ताशी १६० किलोमीटर वेगावरून थांबवायची तर साधारण ५९० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकने गिळायची असते. १२०० किलोच्या गाडीला त्याच वेगावरून थांबताना दुप्पट गिळावी लागते. म्हणून पहिल्या सेव्हनला चारही चाकांवर साधे ड्रम ब्रेक चालून गेले. १९६० च्या दशकात दणकट इंजिने आली तेव्हा पुढे डिस्क बसवल्या, मागे ड्रमच राहिले. लोकांना वाटते की हा कंजूषपणा होता. कंजूषपणा थोडा असेलही, पण त्यामागे हिशेबही होता.

हा हिशेब आपल्या सगळ्यांच्या अनुभवातला आहे. बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला की सगळे पुढे झुकतात. गाडीचेही तसेच होते. ब्रेक लागला की भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर सरकतो. किती सरकतो, हे तीन गोष्टींवर ठरते : ब्रेक किती जोरात लागला, गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आहे, आणि पुढच्या-मागच्या चाकांत अंतर किती आहे. उदाहरण म्हणून ६०० किलोची गाडी घेऊ. पुढे ३०० आणि मागे ३०० किलो, गुरुत्वमध्य ४० सेंटिमीटर उंच, चाकांमधले अंतर सव्वादोन मीटर. चांगल्या टायरवर आणि कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक लावला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका वेग-ऱ्हास झाला, तर सुमारे १०७ किलो भार पुढे सरकतो. आता पुढे ४०७ आणि मागे १९३ किलो. म्हणजे मागच्या चाकांनी एकूण कामाच्या जेमतेम एक तृतीयांश काम करावे. त्याहून जास्त करायला गेली तर ती आधी जाम होतील.

आणि मागची चाके आधी जाम होणे हीच तर मोठी आफत! जाम झालेले चाक गाडीला दिशा देऊ शकत नाही. पुढची चाके जाम झाली तर गाडी वळत नाही, पण निदान सरळ जाते. मागची जाम झाली तर मागची बाजू पुढे यायला बघते आणि गाडी गर्रकन फिरते. पावसात बजाज स्कूटरचा मागचा ब्रेक घाईने दाबलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे पुढचे ब्रेक तसेच ठेवून मागे मोठा कॅलिपर बसवला, तर गाडी लवकर थांबेल असे नाही. ती लवकर फिरेल अशीच शक्यता जास्त.

मग मागचे ब्रेक सुधारायचेच नाहीत का? जरूर सुधारावेत, पण क्रमाने. आधी टायर, मग पुढचे पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल. टायरची पकड वाढली की जास्त भार पुढे सरकतो, त्यामुळे मागच्या ब्रेकचा वाटा कमी लागतो, हे विसरू नये. पुढचे ब्रेक ठरले की मग मागचे. मागच्या कॅलिपरचा पिस्टन किती मोठा, डिस्कची त्रिज्या किती आणि पॅडचे घर्षण किती, या तिघांच्या गुणाकारावर मागची ताकद ठरते. यातला एक आकडा बदलला की तोल बदलला. हलक्या गाडीचे मागचे ब्रेक फारसे तापत नाहीत, म्हणून तिथे रेसिंगचे कडक पॅड घातले तर ते थंडच राहतात आणि पकडतच नाहीत. तिथे थंड असतानाही चावणारा पॅड हवा. ज्यांना खरोखर तोल साधायचा असतो ते पुढच्या आणि मागच्या ब्रेकला वेगळे मास्टर सिलिंडर लावून मध्ये बॅलन्स बार बसवतात. त्याचा स्क्रू फिरवून ब्रेकचा वाटा पुढे-मागे करता येतो. पावसात टायरची पकड कमी, त्यामुळे ब्रेक हलका आणि भारही कमी सरकतो. तेव्हा वाटा थोडा मागे न्यावा, कोरड्या ट्रॅकवर तो परत पुढे आणावा. मोकळ्या, सुरक्षित जागी तपासताना नेहमी पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित आधी जाम झाली पाहिजेत. बस, एवढाच नियम.

असो. आता चॅपमनकडे परत येऊ. ते स्वतः उत्तम चालक होते. १९५६ मध्ये त्यांनी व्हॅनवॉल या ब्रिटिश संघासाठी रेसिंग गाडीचा सांगाडा आखला आणि फ्रान्समध्ये रँस इथल्या ग्रां प्रीत चालक म्हणून नावही दिले. सरावात ब्रेक लावण्याच्या जागी त्यांची गाडी सहकारी माइक हॉथॉर्नच्या गाडीवर जाऊन आदळली आणि ग्रां प्रीतील चालक म्हणून त्यांची कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली. व्हॅनवॉलने मात्र १९५८ मध्ये कन्स्ट्रक्टर्सचे पहिलेवहिले विजेतेपद मिळवले.

पुढची वीस वर्षे लोटसची होती. १९६० मध्ये स्टर्लिंग मॉसने मोनॅको इथे लोटस १८ मधून लोटस गाडीचा पहिला ग्रां प्री विजय मिळवला. १९६२ च्या लोटस २५ मध्ये नळ्यांचा सांगाडा जाऊन विमानासारखे पत्र्याचे कवच आले. ते जास्त मजबूत आणि जास्त हलके होते. याच मालिकेतल्या गाड्यांवर जिम क्लार्क १९६३ आणि १९६५ मध्ये जगज्जेता झाला. १९६५ मध्ये त्याने इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही मारली, आणि इंजिन मागे असलेल्या गाडीने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. १९६६ मध्ये कारखाना नॉरफोकमधल्या हेथेल इथे, दुसऱ्या महायुद्धातल्या एका जुन्या विमानतळावर गेला. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये कॉसवर्थचे इंजिनच सांगाड्याचा भाग झाले. मागचे सस्पेन्शन थेट इंजिनाला जोडलेले. एका भागाकडून दोन कामे, हे सूत्र इथे पूर्णत्वाला गेले, आणि ती गाडी हॉलंडमधली आपली पहिलीच शर्यत जिंकली.

पण या वहीत दुसरे पानही आहे, आणि ते वगळून चॅपमन यांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे नाही. १९६० मध्ये बेल्जियममध्ये स्पा इथे एकाच दिवशी सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटसचे मागचे चाक निखळले, आणि माइक टेलरच्या लोटसचा स्टिअरिंगचा दांडा तुटला. दोघेही जबर जखमी झाले. टेलरने पुढे कोर्टात जाऊन भरपाई मिळवली. एप्रिल १९६८ मध्ये हॉकेनहाइम इथे जिम क्लार्क लोटसमध्येच गेला. टायरमधली हवा गेली असावी, असा निष्कर्ष निघाला. क्लार्क हा चॅपमन यांचा जिवलग मित्र, त्याने आपल्या सगळ्या २५ ग्रां प्री लोटसमधूनच जिंकल्या होत्या. १९६९ मध्ये बार्सिलोनात ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही गाड्यांचे उंच पंख एकाच शर्यतीत मोडले. रिंटने त्यानंतर गाड्यांच्या नाजूकपणाबद्दल चॅपमनना पत्र लिहून तक्रार केली होती.

१९७० मध्ये लोटस ७२ आली. पाचरीसारखा आकार, बाजूला रेडिएटर, आणि पुढचे ब्रेक चाकांत नव्हे तर गाडीच्या अंगात! डिस्क आणि कॅलिपर आत बसवायचे आणि एका दांड्याने चाकाशी जोडायचे. फायदा दुहेरी होता. चाकाबरोबर वरखाली उडणारे वजन कमी झाल्याने टायर रस्ता सोडत नाही, आणि ब्रेकची उष्णता टायरपर्यंत पोचत नसल्याने मऊ रबर वापरता येते. मागचे ब्रेक आत ठेवणे तेव्हा नवे नव्हते. चॅपमन यांच्याच १९५० च्या दशकातल्या लोटस इलेव्हनमध्ये ते होते. पण वर आपण हिशेब पाहिला तो इथे लावा. मागच्या दांड्यावर ब्रेकचा एक तृतीयांश भार असतो, पुढच्यावर दोन तृतीयांश. आणि चाकात बसवलेल्या ब्रेकला हा दांडा लागतच नाही. म्हणजे हलकेपणाच्या बदल्यात गाडी थांबवण्याच्या साखळीत एक नवी कडी आली होती, आणि तीही पोकळ.

१६ ऑगस्ट १९७० रोजी ऑस्ट्रियाच्या शर्यतीत लोटसचा दुसरा चालक जॉन माइल्स याच्या गाडीचा पुढचा ब्रेक-दांडा तुटला. नशिबाने तो वाचला. जेमतेम तीन आठवड्यांनी, ५ सप्टेंबरला, इटलीत मोंझा इथे सराव चालू होता. सरळ रस्त्यावर वेग मिळावा म्हणून रिंटच्या गाडीचे पंख काढले होते. पॅराबोलिका वळणाआधी त्याने ब्रेक लावला, गाडी एकदम डावीकडे ओढली गेली आणि कठड्यावर आदळली. पुढचा उजवा ब्रेक-दांडा तुटलेला आढळला. एका बाजूचा ब्रेक गेला की उरलेला ब्रेक गाडीला आपल्या बाजूला खेचतो. मृत्यूला इतर कारणेही होती. कठडा नीट बसवलेला नव्हता, आणि रिंट पायांमधला पट्टा लावत नसे त्यामुळे तो आसनात खाली घसरला. पण सुरुवात त्या दांड्यापासून झाली. रिंट २८ वर्षांचा होता. त्या मोसमात त्याने पाच शर्यती जिंकल्या होत्या आणि त्याचे गुण कोणालाच ओलांडता आले नाहीत. मरणोत्तर जगज्जेता झालेला तो आजवरचा एकमेव फॉर्म्युला वन चालक आहे.

लोटस ७२ त्यानंतर दांडे मजबूत करून पळत राहिली. इटलीत कायदेशीर कारवाईची टांगती तलवार असल्याने १९७१ आणि १९७२ मध्ये लोटसच्या गाड्या मोंझाला वर्ल्ड वाइड रेसिंग या नावाखाली उतरल्या. १९७२ मध्ये त्याच मोंझावर इमर्सन फिटिपाल्डी जिंकला आणि जगज्जेता झाला. १९७८ मध्ये लोटस ७९ ने गाडीखालच्या हवेचा वापर करून रस्त्याला चिकटून पळण्याचे तंत्र पूर्णत्वाला नेले आणि मारिओ अँड्रेटी विजेता ठरला. त्याच मोसमात रॉनी पीटरसन मोंझाच्या अपघातानंतर मरण पावला. चॅपमन यांच्या हयातीत लोटसने कन्स्ट्रक्टर्सची सात विजेतेपदे मिळवली. चालक जिंकला की ते आपली काळी टोपी हवेत भिरकावत. १९८२ मध्ये ऑस्ट्रियात एलिओ डी अँजेलिस जिंकला, तेव्हा ती शेवटची उडाली.

शेवटची वर्षे चांगली गेली नाहीत. डेलोरियन गाडीच्या कामात लाखो डॉलर पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्फत गायब झाले. चौकशीचे ढग जमत असतानाच १६ डिसेंबर १९८२ रोजी वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन गेले. त्याच सुमारास लोटसचे लोक संगणकाच्या मदतीने चालणाऱ्या सस्पेन्शनच्या चाचण्या सुरू करत होते. १९९२ मध्ये लोटसचे आर्थिक व्यवहार पाहणारे फ्रेड बुशेल यांना डेलोरियन प्रकरणात तुरुंगवास झाला. चॅपमन यांना त्याबद्दल कधी कोर्टात उभे राहावे लागले नाही.

सेव्हन मात्र टिकली. १९७३ मध्ये लोटसने तिचे हक्क ग्रॅहम निअर्न यांच्या केटरहॅम कंपनीला विकले आणि ती आजही बनते. पुढे तिला मागेही डिस्क आल्या.

माझ्यासारखे संगणकात काम करणारे लोक चॅपमन यांच्यावर चटकन भाळतात. कमी ओळींत जास्त काम हे आमचेही वेड. पण प्रोग्रॅम बंद पडला तर तो परत चालू करता येतो. ब्रेकच्या दांड्याला ती सोय नाही. चॅपमन यांनी प्रत्येक भागाला, तू काय उचलतोस, हा प्रश्न अचूक विचारला. तू तुटलास तर काय होईल, हा दुसरा प्रश्न त्यांनी पुरेशा वेळा विचारला नाही, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्यांनी मोजली. दरवाजा, गालिचा, रेडिओ खुशाल काढावा, सीट पातळ करावी. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाक धरणाऱ्या भागांत मात्र थोडे जास्तीचे वजन हे वाया गेलेले वजन नसते.

आपल्या मंडळींची मुले आता इथल्या विद्यापीठांत फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेसाठी छोट्या रेसिंग गाड्या बनवतात. त्या स्पर्धेत गाडी पळवायला मिळण्याआधी ब्रेकची परीक्षा असते : दोन स्वतंत्र ब्रेक सर्किट हवीत, आणि जोरात ब्रेक लावल्यावर चारही चाके जाम झाली पाहिजेत. मुले कुरकुरतात, रात्र रात्र जागून बॅलन्स बार फिरवत बसतात. फिरवू द्या. आणि जमल्यास जेवताना त्यांना योखेन रिंटची गोष्ट सांगा.